गुरुवारी सुट्टी असलेला शत्रू

यादीत सव्वीस कलमं होती. पहिलं, शत्रूचा झेंडा काढा. दुसरं, पाट्यांवरची लिपी काढा. तिसरं, गणवेशाचा रंग बदला. मग नदीचं नाव, टेकडीचं नाव, रेडिओवर वाजणारी धून, सैनिकांच्या तोंडची भाषा आणि एका हवालदाराच्या दाढीची लांबी. होय, दाढीची लांबी. शेवटचं कलम वाचून मी खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण ऑफिसात सगळ्यांदेखत शिव्या देता येत नाहीत. सव्विसावं कलम असं होतं: शत्रू कुठल्याही खऱ्या देशाचा वाटता कामा नये, पण खरा मात्र वाटला पाहिजे.

मी वाकडच्या एका छोट्या गेम कंपनीत लेखिका आहे. आम्ही अकरा माणसं मिळून युद्धाचा एक गेम बनवत होतो. खेळणारा म्हणजे आपला जवान. त्याच्यासमोर टेकडी, खाली नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे शत्रूचा तळ. शत्रू कोण हे लिहायची गरजच नव्हती, शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. गेम परदेशातल्या एका वितरक कंपनीमार्फत जगभर जाणार होता आणि ही यादी तिथूनच आली होती. एखादा खरा देश शत्रू म्हणून दाखवला की तिथे गेमवर बंदी येते, म्हणून हे सगळं काढा, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, वयाने माझ्याहून लहान आहेत, पण रीत म्हणून सर. त्यांनी यादी वाचली आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "दोन महिने आहेत," ते म्हणाले. "तेवढ्यात नवा शत्रू जमला तर उत्तम. नाही जमला तर गोष्टच काढून टाकू. नुसते पुतळे उभे करू, लोक पुतळ्यांवरही गोळ्या झाडतात. मग लेखकाची जागा राहणार नाही. तू परत टेस्टिंगला जा."

टेस्टिंग म्हणजे काय ते सांगते. आख्खा दिवस गेममधल्या भिंतींवर डोकं आपटायचं आणि कुठल्या भिंतीतून आपला माणूस आरपार जातो ते लिहून काढायचं. मी चार वर्षं ते केलं होतं. डबा खाताना गोष्टी लिहायच्या आणि सरांच्या टेबलावर ठेवायच्या, असं करत करत मी ती खुर्ची मिळवली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'लेखक' छापून आलं तेव्हा मी ते घरी आल्यावरही काढलं नव्हतं. ती खुर्ची आता एका शत्रूवर अवलंबून होती आणि तो शत्रू कुणीच असायचा नव्हता.

ओळखपत्र पाहून आई रडली होती. पप्पांनी मात्र ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "फोटो वाकडा चिकटवलाय." पप्पा असेच आहेत. लातूरकडून तरुणपणी इकडे आले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत मालाची तपासणी करत राहिले. बिघडलेल्या तुकड्याला तिथे लाल टॅग बांधतात. पप्पा दोन-चार कोरे टॅग खिशातून घरी आणायचे आणि घरातही बांधायचे. गळक्या बादलीला बांधला, डुगडुगणाऱ्या स्टुलाला बांधला आणि एकदा माझ्या चित्रकलेच्या वहीलाही बांधला. 'पास' हा शब्द त्यांनी कंपनीत हजारदा उच्चारला असेल, पण आमच्या वाट्याला तो कधी आला नाही. मी त्यावरून त्यांच्याशी भांडले आहे, एकदा नाही, अनेकदा.

तर शत्रू. पहिला महिना आम्ही नुसता खोडरबर चालवला. गणवेश राखाडी केला. झेंड्यावर एक त्रिकोण काढला. ग्राफिकवाल्याने पाट्यांवर उलट्यासुलट्या रेघा मारून लिपी बनवली. सैनिक आता काहीच बोलत नव्हते, फक्त हुंकार द्यायचे. देशाला नाव हवं म्हणून मी 'उत्तरेकडची सत्ता' असं लिहिलं. तिकडून उत्तर आलं, तुमच्या देशाच्या उत्तरेला कोण आहे हे नकाशात दिसतं, सबब दिशा काढा. आम्ही दिशाही काढली. आता आमचा शत्रू कुठूनच येत नव्हता आणि कुठेच जात नव्हता.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की नवी मोहीम आधी बाहेरच्या माणसाला खेळायला द्यायची आणि आपण मागे तोंड शिवून उभं राहायचं. मी काकांना बोलावलं. हे काका पप्पांच्या हाताखाली शिकलेले, मूळचे मोशीचे, आता चाकणला एका कंपनीत कामाला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाइलवर युद्धाचे गेम खेळतात. त्यांच्या बसमध्ये सगळेच खेळतात. चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं की एक मोहीम जास्त होते, असं ते कौतुकाने सांगतात. सुट्टीच्या दिवशी ते मोटारसायकलवरून वाकडला आले, आमच्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि वीस मिनिटांत सगळा तळ साफ करून मोकळे झाले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"खरं सांगू का पोरी? ह्ये लोक खोटं हायेत. ह्यांना मारून मजा येत न्हाई, अन् कीव बी येत न्हाई."

"का पण?"

"आता काय सांगावं! सरळ नाव घ्या की. घाबरता कशाला? सगळ्यांना ठावं हाय कोन ते."

सर मागे उभे होते. ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. काकांना चहा देताना मी कप टेबलावर जवळजवळ आपटलाच, पण राग काकांवर नव्हता. डोंगर पोखरून उंदीर निघाला होता आणि पोखरणारी मीच होते.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी काकांचं म्हणणं डोक्यात घोळवत होते. नाव घ्या. ठीक आहे, आधी नाव होतं की. झेंडा होता, भाषा होती, दाढी होती. तेव्हाचे सैनिक काय करत होते? मी जुनी मोहीम आठवून पाहिली. तेच तीन शब्द ओरडायचे, एकाच वळणाने पळायचे, एकाच पद्धतीने पडायचे. ते जेवतात काय, झोपतात कुठे, मी कधी लिहिलंच नव्हतं. नाव होतं तोवर कुणी विचारलंही नव्हतं. खेळणारा शत्रू घरून घेऊन येत होता आणि आम्ही फक्त निशाण्यासाठी जागा करून देत होतो. म्हणजे मी लेखिका म्हणून मिरवत होते आणि माझं काम एक झेंडा करत होता. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि मग लाजेपेक्षा जास्त, आपण हे करून दाखवूच असा चेव आला.

पप्पा निवडायला मेथी घेऊन बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "तपासा," म्हटलं. "लाल टॅग बांधा, पण कशामुळे ते सांगा."

त्यांनी चष्मा घातला. तळ पाहिला, फाटक पाहिलं, चौकीवरचा पहारेकरी पाहिला. मेथीची काडी हातात तशीच.

"ह्यो कवापासून उभाय?"

"पहारा देतोय पप्पा."

"ते दिसायलंय. ड्युटी कवा लागली? रिलिव्हर कधी येणार?"

"नाही येत कुणी."

"मंग ह्यो मुतायला कधी जातो?"

मी वही उघडली. ते प्रश्न विचारत गेले आणि मी लिहीत गेले. हजेरी कुठे लागते? चहाची गाडी किती वाजता येते? चहा गार झाला म्हणून भांडण होतं का नाही? कुणाचा वशिला आहे? सलग तीन आठवडे दुसरी पाळी कुणाच्या बोकांडी बसली आहे? कुंपणाला भोक कुठे आहे? "कुंपणाला भोक नाही असा एक कारखाना दाखव मला," ते म्हणाले. "सुपरवायझरची नजर चुकवून पान खायला जायचं तर कुठनं जायचं?" कारखाना नाही हो, लष्करी तळ आहे, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तिथं माणसं कामाला नाहीत व्हय?"

शेवटी त्यांनी विचारलं, सुट्टी कधी? मी वहीत लिहिलं, गुरुवारी. ना त्यांना त्यात काही वावगं वाटलं, ना मला.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या शहरात एकाच दिवशी सुट्टी नको, विजेचा भार वाटला जावा, म्हणून कधीकाळी तसं ठरलं आणि ते चालूच राहिलं. मी लहानपणापासून तेच पाहिलं. शाळेला रविवार आणि पप्पांना गुरुवार. दर गुरुवारी सकाळी माझ्या पोटात दुखायचं, कारण पप्पा घरी असायचे. आई धपाटा घालून शाळेत पाठवायची. क्वचित पोटदुखी खरी वाटली तर पप्पा मला सायकलवर पुढे बसवून मोरयाच्या घाटापर्यंत न्यायचे आणि मी सगळा वेळ पोट धरून बसायचे, सोंग उघडं पडू नये म्हणून. सुट्टी म्हणजे गुरुवार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की जगात दुसरीकडे तसं नसतं हे लिहिताना मनातही आलं नाही.

पुढचा महिना मी झपाटल्यासारखं काम केलं. फाटकाजवळ पाळ्यांचा फळा लावला. चहाची गाडी आणली आणि ती रोज दहा मिनिटं उशिरा येईल असं केलं. पहारेकऱ्याच्या रिलिव्हरला कायम उशीर होऊ दिला, म्हणजे हा बिचारा पाळी संपल्यावरही घड्याळ बघत उभा. कुंपणाच्या मागच्या बाजूला भोक पाडलं आणि त्याच्यापाशी पायवाट उमटवली. तोफेला लाल टॅग बांधला. आणि मोहिमेचा दिवस गुरुवार ठेवला. तळ अर्धा रिकामा आहे, दोरीवर गणवेश वाळत आहेत आणि सुट्टीच्या दिवशी ज्यांना ड्युटी लागली ते चिडलेले आहेत. पूल उडवायचा तर आजच. सैनिकांना आम्ही बनवलेली भाषा दिली आणि तिचा अर्थ खाली अक्षरांत. सरांना हे सगळं वाचून वाटलं की गुरुवार ही माझी कल्पकता. मी त्यांची ती समजूत मोडली नाही, कारण त्यांना नेमकं काय वाटतंय हेच मला कळलं नव्हतं.

काका पुन्हा आले. या वेळी बसमधले तिघे मित्रही बरोबर. काका खेळायला बसले आणि मी मागे उभी राहिले. ते फाटकाशी दबकत गेले, बंदूक उचलली आणि थांबले. फळा वाचू लागले.

"आयला, ह्याला सलग तिसऱ्यांदा सेकंड शिफ्ट," ते म्हणाले. मागचे तिघे हसले.

"थांब भावा, लगेच मारू नको," एक जण म्हणाला. "शिफ्ट बदलू दे. तेव्हा फाटकावर लक्ष नसतं कुणाचं."

ते थांबले. रिलिव्हर आला नाही. पहारेकरी घड्याळ बघत पुटपुटला आणि खाली अक्षरं उमटली: याचं नेहमीचंच आहे. चौघे एकदम ओरडले, "बरोबर हाय!" दुसरा म्हणाला, "मागनं भोक असणार, बघा." होतंच. काका भोकातून आत शिरले, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून पुलापाशी पोचले, सुरुंग लावला आणि त्या पहारेकऱ्याला हात न लावता परत आले. दुसऱ्या खेपेला त्यांची वेळ चुकली, पहारेकऱ्याने पाहिलं, आणि काकांना गोळी झाडावी लागली. तो पडला. खोलीत कुणी हसलं नाही.

काका खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले. "वंगाळ वाटलं गं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पर खरं वाटलं. कुठलं हायेत ह्ये?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"काय की. पर माझ्या ओळखीचं हायेत."

सर केबिनच्या दारात उभे होते. ते या वेळी आत गेले नाहीत. पण अजून तिकडची मंजुरी बाकी होती आणि खरी कसोटी तीच होती.

व्हिडिओ कॉलवर एक बाई होत्या. शांत, बारीक चष्म्याच्या, समोर आमची सव्वीस कलमं आणि हातात पेन. त्या एकेक तपशील वाचायच्या, आपल्याकडच्या याद्या चाळायच्या आणि खूण करायच्या. झेंडा, बरोबर. लिपी, बरोबर. चहा जगभर पितात, बरोबर. पंचविसापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्या थांबल्या.

"फक्त गुरुवारी सुट्टी," त्या म्हणाल्या. "हा कुठला देश आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की आपण काय करून बसलो आहोत. शत्रूला मी आमच्या गल्लीची सुट्टी दिली होती. मी कुठल्या परक्या देशाचं नाव खोडता खोडता आमच्याच शहराला पुलापलीकडे नेऊन बसवलं होतं आणि आपल्या जवानाला त्याच्यावर सोडलं होतं. खोटं सांगता आलं असतं. 'सहज सुचलं' म्हणता आलं असतं. पण सहज सुचलं म्हटलं की त्या म्हणाल्या असत्या, मग बदला. आणि मला तो गुरुवार बदलायचा नव्हता. सरांनी टेबलाखाली हात हलवला, गप्प बस असा.

"देश नाही," मी म्हणाले. "माझ्या वडिलांच्या कंपनीची सुट्टी आहे."

मग मी सांगत सुटले. वीज कशी वाटली ते, शाळेचा रविवार, माझी पोटदुखी, सायकल, सगळं. इंग्रजी अडखळत होतं, पण मी थांबले नाही. सर कपाळाला हात लावून बसले होते. माझं संपल्यावर त्या बाईंनी पुन्हा आपल्या याद्या उघडल्या. पडद्यावर त्या यादी वर-खाली करताना दिसत होत्या.

"शुक्रवार असता तर मी परत पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "रविवार असता तरी पाठवलं असतं. फक्त गुरुवारी सुट्टी घेणारा देश आमच्या यादीत एकही नाही." त्यांनी पेन टेकवलं. "आणि कंपनीशी युद्ध केल्याबद्दल आमच्याकडे कलम नाही. मंजूर."

कॉल बंद झाल्यावर सर उठून उभे राहिले आणि टेबलावर तबला वाजवल्यासारखे दोन्ही हात बडवले. ग्राफिकवाल्याने मला उचलूनच घेतलं. मी ओरडले की रडले ते आठवत नाही, दोन्ही केलं असणार. खाली जाऊन आम्ही अकरा जणांनी वडापाव खाल्ले आणि पावाचा ठसका लागेपर्यंत हसलो. माझी खुर्ची माझीच राहिली होती, आणि या वेळी ती कुणाच्या झेंड्याच्या जोरावर नव्हती.

गेम बाहेर आला. लोक इंटरनेटवर वाद घालू लागले की हा शत्रू नक्की कोण. एकाने लिहिलं, आमच्या शेजारचाच देश, मी ओळखलं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणीतरी अगदी तेच लिहिलं. प्रत्येकाला खात्री होती आणि प्रत्येकाची खात्री वेगळी. गुरुवारवरून तर लोकांनी प्रबंध लिहिले. मी ते सगळं वाचून काढते आणि एक अक्षर उत्तर देत नाही. इतकी मजा मला आयुष्यात कशानेच दिली नाही. काकांच्या बसमध्ये अख्खी बस ती मोहीम खेळते आणि त्या पहारेकऱ्याला हात न लावता जो पूल उडवेल त्याला चाकण येईपर्यंत खिडकीची जागा मिळते, असा तिथला नियम झाला आहे.

पप्पा मात्र खेळले नव्हते. असले खेळ रिकामटेकड्यांचे, असं त्यांचं मत. परवा, गुरुवारी, मी रजा घेऊन घरी होते. पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. काका आले, त्यांनी आपला मोबाइल पप्पांच्या हातात दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. पप्पा कसेबसे चालत फाटकापर्यंत पोचले. त्यांनी सगळं तपासलं. फळा वाचला, चहाची गाडी किती उशिरा आली ते भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, तोफेचा लाल टॅग दिसल्यावर मान हलवली. मग ते त्या पहारेकऱ्यासमोर येऊन उभे राहिले. तो पेटीवर बसून चहा पीत होता.

"मारा की साहेब, वेळ संपाय लागलाय," काका म्हणाले.

"बसू दे त्याला," पप्पा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी ड्युटी लागलीय."

कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. काका तळमळत होते. पप्पा नुसतं बघत राहिले, त्याचा चहा संपेपर्यंत. वेळ संपला, पडदा लाल झाला आणि मोठ्या अक्षरांत उमटलं: मोहीम अयशस्वी.

पप्पांनी चष्मा काढला, मोबाइल काकांना परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पास."